वाचनाची ओसरी : राजकन्या उपाशी गावात जाते तेव्हा

वाचकहो, राजकन्येची गोष्ट म्हटली की पुढचे सगळे आपल्याला पाठ असते. सात मजली माडी, दुष्ट प्रधान नाहीतर सावत्र आई, मग वनवास, आणि शेवटी घोड्यावरून कोणी राजपुत्र येतो व सारे गोड होते. आज ज्या पुस्तकाची ओळख करून द्यायची आहे त्यातही राजकन्या आहे, वनवास आहे, तलवारी आणि चमत्कार आहेत. पण त्यात नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवले जाते, सारा न भरलेल्या गावात शिपाई घुसतात, आणि नापीक थंड रानात उगवेल असे धान्य शोधायला राजकन्या परमुलखात जाते. एवढ्याचसाठी हे जपानी पुस्तक आपल्या ओसरीवर आणले.

पुस्तकाचे नाव ‘आकात्सुकी नो योना’, म्हणजे पहाटेची योना. लिहिणारी आणि चित्रे काढणारी बाई एकच, मिझुहो कुसानागी. अशा चित्रकथांना जपानात ‘मांगा’ म्हणतात, आणि तिकडे थोरली माणसेसुद्धा त्या उघडपणे वाचतात. ही कथा ‘हाना तो युमे’ नावाच्या, मुलींसाठी निघणाऱ्या नियतकालिकात 2009 साली सुरू झाली आणि पंधरा वर्षांहून जास्त काळ चालली. तिची पुस्तके चाळीसच्या वर भरली. 2014-15 साली तिच्यावर चोवीस भागांची चित्रमालिका निघाली आणि 2016 पासून इंग्रजी पुस्तके येऊ लागली. पुस्तक हाती घेतलेत तर एक लक्षात ठेवा : ते उर्दू पुस्तकासारखे उजवीकडून डावीकडे वाचायचे. पहिली चार पाने चुकल्यासारखे होते, मग डोळा बसतो.

राज्याचे नाव कौका. ते खरे नाही, पण नावे आणि पेहराव पाहिले तर जुन्या कोरियाची आठवण होते. राज्यात पाच जमाती आहेत : आकाश, अग्नी, वायू, जल आणि भूमी. आपल्या पंचमहाभूतांचीच नावे झाली ही. राजा इल याची योना ही एकुलती एक लेक. लाडाची, हट्टी, तांबडे कुरळे केस नीट बसत नाहीत हे तिचे जगातले सर्वांत मोठे दुःख. चुलतभाऊ सू-वोन याच्यावर तिचा जीव जडलेला असतो. आपल्याकडे हे ऐकूनच कोणी उठून जाईल, पण त्या राज्यात तसे नाते चालते. बापाला मात्र हा जावई नको असतो.

सोळाव्या वाढदिवशी सू-वोन तिला केसात खोवायचा काटा भेट देतो. रात्री ती बापाला सांगायला जाते की मी त्याला विसरणार नाही. खोलीत शिरते तर त्याच सू-वोनची तलवार बापाच्या अंगातून आरपार गेलेली. राजवाड्यातून तिला बाहेर काढतो तो हाक. हे त्याचे नाव बरे का. मराठी कानाला गंमत वाटेल. तो वायू जमातीचा सेनापती आणि तिचा अंगरक्षक, लहानपणापासून तिची चेष्टा करणारा, आणि सू-वोनचाही जिवाभावाचा मित्र.

दोघे हाकच्या मुलखात, फूगा गावी, आश्रयाला येतात. सू-वोनला गादीवर बसायचे तर जमातींची संमती हवी. वायू जमातीचा म्हातारा पुढारी मुन्दोक ती देत नाही. मग अग्नी जमातीचे लोक काय करतात? नदी वर अडवतात. फूगाच्या लोकांवर तलवार उपसायची गरज नाही. पात्र कोरडे पडले की माणूस आपोआप मान हलवतो. पाण्याच्या पाळीवरून ज्यांनी भांडणे पाहिली आहेत त्यांना ही पाने समजावून सांगावी लागणार नाहीत. आपल्यामुळे गाव तहानेने मरू नये म्हणून हाक सेनापतिपद सोडतो, मुन्दोकला संमती द्यायला लावतो आणि योनाला घेऊन निघून जातो. हा भाग मला पुढच्या कित्येक लढायांपेक्षा भारी वाटला.

डोंगरात शिपाई त्यांना गाठतात. त्यांचा म्होरक्या अग्नी सेनापतीचा धाकटा मुलगा ते-जुन, योनाशी लग्न करून राजा व्हायची स्वप्ने पाहणारा. तो तिचे केस धरतो. ती तलवारीने स्वतःचेच लांब केस कापून टाकते आणि सुटते. पण कड्यावरून ती आणि जखमी हाक दोघेही खाली पडतात. ते-जुनच्या हाती राहतात ते केस. ती मेली आणि आपणच तिला मारले, हे ओझे घेऊन तो घरी जातो. ह्या मुलाला विसरू नका, तो परत येणार आहे.

कड्याखाली त्यांना वाचवतो युन नावाचा पोरगा. अग्नी जमातीच्या दरिद्री गावातला अनाथ, औषधांचा जाणकार, स्वयंपाकात सुगरण आणि तोंडाने फटकळ. इक-सू नावाच्या रडव्या साधूला तोच सांभाळतो. हा साधू भविष्य सांगतो की चार नागवंशी वीर शोध. त्या देशाची दंतकथा अशी : लाल नाग माणूस होऊन पहिला राजा झाला, आणि त्याच्या रक्षणासाठी बाकीच्या चार नागांनी आपले रक्त चार योद्ध्यांना दिले. त्यांच्या वंशात अजून कोणाचा हात नागाचा आहे, कोणाचे डोळे, कोणाचा पाय. तांबड्या केसांचे कोडे इथे सुटू लागते.

हे चौघे एकेक करून गोळा होतात त्यात पुस्तके जातात. त्यातला हिरव्या नागाचा वारस जेहा आवा बंदरातल्या चाच्यांबरोबर असतो, आणि तो भाग चांगला जमला आहे. बंदराचा धनी बायका पकडून परदेशी विकत असतो. चाच्यांची प्रमुख गिगान ही म्हातारी योनाला आधी कड्यावरची औषधी वनस्पती आणायला धाडते; ती आणलीस तरच आमच्यात. ती घसरते, रडते, पण मुठीतली पाने सोडत नाही. वीरांची ओळखपरेड मात्र लांबते. शिवाय सगळे वीर देखणे, आणि प्रत्येकाला राजकन्येचे कौतुक. वाचणाऱ्या मुलींसाठी ठेवलेली ती गोड सुपारी आहे. मला ती जास्त झाली. घरातल्या मुली माझ्याशी भांडतील, भांडोत.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. राजा इल दुष्ट नव्हता. त्याला शस्त्रांचा तिटकारा होता, लेकीलाही त्याने कधी शस्त्राला हात लावू दिला नाही. रक्त नको, युद्ध नको, शेजारी राजा मागेल ते देऊन टाका. राजवाड्यात त्याचा आवाज कधी चढला नाही. आणि योना युनच्या मागे अग्नी जमातीच्या गावांत शिरते तेव्हा तिला काय दिसते? जमीन नापीक, हवा थंड, घरात दाणा नाही, आणि साऱ्यासाठी माराचा धाक. आजारी माणसे जमिनीवर पडलेली. हे सगळे तिच्या मायाळू बापाच्या राज्यात चाललेले होते. त्याने कोणाला उपाशी ठेवा असे सांगितले नव्हते. तो फक्त तिकडे गेला नव्हता. योनाला हे कळते तो क्षण बापाच्या मृत्यूहून कठीण आहे, कारण इथे रडायला जागा नाही. ज्या बापासाठी रडायचे त्याच्याच कारभाराने समोरचे मूल खंगलेले आहे.

उलट बाजूला सू-वोन. मारेकरी, विश्वासघातकी. पण राजा म्हणून? तो साध्या वेषात मुलूख फिरतो. रुसलेल्या भूमी सेनापतीला खोट्या लढाईचा खेळ मांडून आपलासा करतो. बंड मोडतो, शेजारच्या काई साम्राज्याकडे गेलेला मुलूख परत घेतो. राज्य त्याच्या हाती सुधारते आहे हे लेखिका लपवत नाही, आणि इथे ती मला आवडली. खून करणारा नालायक निघाला असता तर गोष्ट सोपी होती. हाकला त्याचा गळा घोटावासा वाटतो आणि वाचणाऱ्यालाही. पण त्याला मारले तर उद्या राज्य कोणी चालवायचे? योनाने केवळ सूड म्हणून गादी मागितली असती तर मी हे पुस्तक मिटून ठेवले असते.

ती मागत नाही. ती रोज रात्री हाकपाशी धनुष्य शिकते, हातांना फोड येईपर्यंत. मग मंडळी त्या दरिद्री गावांत डाकूंचे सोंग घेतात. स्वतःला ‘उपाशी टोळी’ म्हणवून साऱ्याला आलेल्या शिपायांना पळवून लावतात. ह्या डाकूंचा बंदोबस्त करायला कोण येतो? ते-जुन. मेली म्हणून ज्या मुलीसाठी तो झुरत होता ती त्याला गावात, चिंध्यांत, लोकांची सेवा करताना दिसते. ती जिवंत आहे हे तो वर कळवत नाही. शिपायांना हाताशी धरून गावात अन्न आणि औषधपाणी पोचवू लागतो. हा भाग विनोदी आहे, हा मुलगा अगदी बावळट काढला आहे. पण हसता हसता लक्षात येते की ह्याच्याच घराण्याच्या मुलखात ही गावे आहेत आणि तो कधी इकडे फिरकला नव्हता. इल राजासारखाच.

आणि मग ते धान्याचे. अन्न वाटून किती दिवस पुरणार, पुढच्या वर्षी काय, हा प्रश्न योनालाच पडतो. 1972 च्या दुष्काळात मिलो खाल्लेल्या घरांना तो विचारायला नको. ती सीमा ओलांडून काईच्या मुलखात जाते, कारण तिकडेही जमीन अशीच हलकी आणि हवा थंड, मग तिथली माणसे काय पिकवतात? इझा नावाचे धान्य सापडते. ते खऱ्या जगात नाही, गोष्टीपुरतेच आहे. तलवारीच्या गोष्टीत नायिका बियाण्यासाठी मुलूख पालथा घालते हे मी तरी पहिल्यांदाच वाचले. ते बी अखेर ते-जुनच्या मुलखात पोचते.

कोणी वाचावे? बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींनी खुशाल. त्याआधी नको, पहिल्याच पुस्तकात राजाचा खून आहे, पुढे बायकांची विक्री आहे, आणि जल जमातीच्या भागात ‘नादाई’ नावाच्या नशेने उद्ध्वस्त झालेले बंदर आहे. हा नशेचा भाग मात्र वडीलधाऱ्यांनी मुलांबरोबर बसून वाचावा असे मी म्हणेन. सेनापतीची लेक लिली त्यात बापाच्या मनाई-धाकाला न जुमानता उभी राहते.

इंग्रजी सोपे आहे, वाक्ये तुटक आहेत, आणि निम्मी गोष्ट चित्रांतूनच कळते. दहावीच्या मुलीने वाचून मराठीत सांगावे आणि बाकीच्यांनी शेंगा फोडत ऐकावे असे जमण्यासारखे आहे. वीर गोळा होताना कंटाळा आला तर ती पाने भरभर उलटा, पण अग्नी जमातीच्या गावांपर्यंत पोचल्याशिवाय पुस्तक ठेवू नका. सू-वोनच्या बापाचे काय झाले आणि इल राजाबद्दल त्याच्या मनात एवढे विष का, हे मी मुद्दाम सांगितलेले नाही. ते वाचल्यावर सू-वोनला माफ करावे की नाही यावर तुमच्या घरात दोन तट पडतील. आमच्याकडे पडले आहेत.