माशी शिंकली कुठे?

मासे खाणाऱ्या घरात वाद होतो तो सुरमई घ्यावी की पापलेट, एवढाच. मासा गळाला कसा लागला, याची चौकशी कोणी करीत नाही. विलायतेत मात्र या एका प्रश्नावर सभ्य गृहस्थांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. एक पक्ष म्हणतो, मासा धरावा तो पिसांच्या खोट्या माशीनेच. दुसरा म्हणतो, वजनदार आमिष फेका आणि मोकळे व्हा!

वाचकहो, फरक मुळात वजनाचा आहे. आमिष फेकताना वजन असते ते दोरीच्या टोकाला. शिसे बांधलेले आमिष किंवा लाकडाची मासोळी पुढे झेपावते आणि रिळावरची दोरी तिच्यामागून धावते. संक्रांतीची फिरकी आठवा. मांजाची ओढ थांबली आणि फिरकी फिरतच राहिली, की जो गुंता होतो तोच येथे होतो. अमेरिकन लोक त्याला पक्ष्याचे घरटे म्हणतात. म्हणून आमिष पाण्याला टेकताच अंगठ्याने रीळ थांबवायचे. सारी विद्या त्या अंगठ्यात!

माशीला मुळी वजनच नाही. कोंबड्याचे पीस, थोडा धागा आणि इवलासा गळ. पीस कितीही जोराने फेका, ते पायाशीच पडणार. म्हणून येथे दोरीच जड घेतात. पूर्वी ती तेल पाजलेल्या रेशमाची असे, आता प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली असते. ती आसुडासारखी आधी मागे आणि मग पुढे न्यायची; माशी बिचारी तिच्या शेपटाला धरून जाते. मागे झाड असले, तर मासा पाण्यात आणि माशी फांदीवर!

घराणी दोन्हींची चांगली. अमेरिकेत केंटकी येथील जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दातेरी चाकांचे रीळ केले. मूठ एकदा फिरवली की रीळ अनेकदा फिरे. पुढे 1897 साली विल्यम शेक्सपिअर याने (नाटककार नव्हे, मिशिगनचा!) दोरी रिळावर सारखी गुंडाळणाऱ्या युक्तीचे पेटंट घेतले.

माशीवाल्यांचे सोवळे मात्र कडक. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी 1886 साली ग्रंथ लिहून तरंगत्या माशीची महती गायिली. स्क्यूज नावाच्या वकिलांनी पाहिले, की ट्राउट मासा बहुतेक खाणे पाण्याखालीच खातो. मग माशी बुडवली तर बिघडले कोठे? 1910 साली त्यांनी तसे पुस्तकच लिहिले. येथेच माशी शिंकली! 1938 साली लंडनच्या क्लबात या प्रश्नावर रीतसर वादसभा भरली, तेव्हा स्क्यूज ऐंशीला टेकले होते.

माशाला या सोवळ्याओवळ्याशी काय देणेघेणे? उथळ, नितळ पाण्यात किडे टिपणाऱ्या माशाला माशी बरी. खोल पाण्यात, वाऱ्यात, लहान मासे गिळणाऱ्या धटिंगणाला आमिष बरे. खरा प्रश्न मासा सोडून देताना येतो. माशी बहुधा ओठात अडकते. गांडुळासारखे खरे खाद्य मासा पोटापर्यंत गिळतो. मग दया दाखवून सोडलेला मासाही पुष्कळदा मरतो.

काश्मीरचा ट्राउट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर विलायतेतूनच आला. पहलगामला सहलीला गेलात आणि लिद्दरकाठी दांडी हाती धरण्याची हौस आली, तर प्रथम सरकारी परवाना काढा. साधन कोणतेही असो, सोडायचा मासा ओल्या हातानेच धरा. गळ खोल गेला असेल तर ओढू नका. दोरी कापा आणि त्याला जाऊ द्या. गळ दुकानात पुन्हा मिळतो.