नववा प्रश्न आईला कोण विचारणार?

नैराश्य किती आहे हे पाहण्यासाठी इंग्लंडमध्ये ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली सर्रास वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा.

मुलाकडे राहायला आलेल्या आईला इंग्रजी येत नसेल, तर दुभाषी बहुधा मुलगाच. तो हे आईला कसं विचारणार? विचारलंच, तरी “काहीतरीच काय!” याखेरीज ती काय म्हणणार? शून्य गुण. कागदावर आई ठणठणीत. (“जिवाला चैन नाही” हे कोणत्या चौकटीत बसवायचं, तो आणखी वेगळा घोळ.)

इथली टॉकिंग थेरपीची सेवा मोफत आहे. जीपीकडे नाव असलं की चिठ्ठीशिवाय स्वतःच अर्ज करता येतो. एनएचएसमध्ये दुभाष्याचेही पैसे रुग्णाला पडत नाहीत. पण तो मागावा लागतो, आणि आपण “आम्ही आहोत ना” म्हणून मोकळे होतो. माझ्या मते हा आपला मोठेपणा आईला महागात पडतो. शिवाय मागणीच दिसली नाही, तर मराठी समुपदेशक नेमायचं कुणाला सुचेल?

अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा. शक्यतो फोनवरचा, महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या काकूंपुढेही आई तेवढीच गप्प बसेल.