इस्लामपूरच्या ऊस-सोयाबीनचं ब्राझील-अर्जेंटिनाच्या चलनाशी नातं काय?

गळीत हंगाम सुरू झाला की इस्लामपूर परिसरात एकच विषय असतो, पहिली उचल किती? साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, पलीकडे कराड तालुक्यातल्या रेठऱ्याचा कृष्णा, कोण किती देणार याचा हिशेब चहाच्या टपरीपर्यंत चालतो. त्याआधी, दसऱ्याच्या आसपास सोयाबीनच्या भावाची चर्चा झालेली असते.

या चर्चेत दोन नावं सहसा येत नाहीत. ब्राझीलचा रियाल आणि अर्जेंटिनाचा पेसो. आपल्या उसाच्या आणि सोयाबीनच्या पैशाशी या दोघांचाही संबंध आहे.

एकेकाळी दोघं सारखेच होते

महागाई आटोक्यात आणण्यासाठी अर्जेंटिनाने १९९१ मध्ये आपलं चलन कायद्यानेच डॉलरला बांधलं. १९९२ मध्ये नवा पेसो आला, एका डॉलरला एक पेसो. ब्राझीलने १ जुलै १९९४ ला नवं चलन आणलं, रियाल (सौदीचा रियाल वेगळा). त्याचीही सुरुवात डॉलरच्या बरोबरीने झाली. म्हणजे एक रियाल बरोबर एक पेसो.

मग गाडी घसरली. जानेवारी १९९९ मध्ये ब्राझीलने रियाल बाजारावर सोडून दिला आणि तो कोसळला. पेसो मात्र डॉलरला बांधलेलाच राहिला. त्यामुळे अर्जेंटिनाचा माल शेजारच्या ब्राझीलमध्येच महाग पडू लागला. अखेर जानेवारी २००२ मध्ये अर्जेंटिनालाही ती गाठ सोडावी लागली.

एका रियालला किती पेसो, याचा ढोबळ प्रवास असा:

- १९९४ : सुमारे १
- १९९९ : साधारण अर्धा
- २००२ अखेर : पुन्हा जवळपास १
- २०११ : अडीचच्या पुढे
- २०१९ अखेर : सुमारे १५
- २०२३ अखेर : १६० च्या पुढे
- २०२५ अखेर : २५० च्या पुढे

रियालही घसरला, पण पेसोचं पार पाणी झालं.

रियाल पडला की साखर का पडते?

ब्राझील जगातला सर्वात मोठा साखर निर्यातदार. साखरेचा जागतिक भाव डॉलरमध्ये ठरतो, पण तिथल्या कारखान्याची मजुरी आणि बराचसा खर्च रियालमध्ये असतो.

समजा साखर १५ सेंट पौंड आहे, म्हणजे टनाला साधारण ३३० डॉलर. डॉलरला ४ रियाल असतील तर कारखान्याला १,३२० रियाल मिळतात. आता डॉलर ६ रियालला गेला आणि साखर १० सेंटवर आली. टनाला २२० डॉलर, पण रियाल तेवढेच, १,३२०. जगात भाव एक तृतीयांश पडला, तरी ब्राझीलच्या कारखान्याला त्याची झळ तेवढी लागत नाही. तो विकत राहतो आणि भाव आणखी दबतो.

२०१५ मध्ये डॉलर ४ रियालच्या पुढे गेला, त्याच वर्षी साखर कित्येक वर्षांच्या तळाला होती. २०२० च्या एप्रिल-मेमध्येही तसंच दिसलं. कच्चं तेल, पाऊस, इथेनॉल ही कारणंही असतात, पण रियाल त्यातला मोठा गडी आहे.

रुपयात पाहिलं तर २०११ मध्ये एक रियाल सुमारे २८ रुपयांचा होता. मे २०२० मध्ये तो १३ रुपयांवर आला. म्हणजे आपल्या स्पर्धकाचं चलन आपल्या तुलनेत निम्म्याहून स्वस्त झालं.

आणि पेसोचं काय?

सोयाबीनचं तेल आणि पेंड निर्यात करण्यात अर्जेंटिना जगात पहिला. भारत सोयातेल प्रामुख्याने तिथूनच घेतो. पेसोवर विश्वास नसल्याने तिथला शेतकरी सोयाबीन विकून पेसो घेण्यापेक्षा लांबलचक प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये माल साठवून ठेवतो. सोयाबीन हीच त्याची बचत.

मग सरकारला डॉलर हवे असले की आमिष दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२२ मध्ये अधिकृत दर डॉलरला सुमारे १४० पेसो असताना सोयाबीनसाठी खास २०० पेसोचा दर दिला गेला आणि साठवलेला माल धो-धो बाहेर आला.

सप्टेंबर २०२५ मध्ये पेसो पुन्हा अडचणीत आला, तेव्हा सोयाबीनसह धान्यावरचा निर्यात कर शून्य केला गेला. ७ अब्ज डॉलरची मर्यादा तीन दिवसांतच संपली. भारतीय व्यापाऱ्यांनीही स्वस्त तेलाचे मोठे सौदे केले. नेमकं तेव्हाच आपल्याकडे नवं सोयाबीन बाजारात यायला लागलं होतं. हमीभाव होता ५,३२८ रुपये क्विंटल, आणि बाजार त्याच्या खालीच राहिला. कारण हे एकच नव्हतं, पण स्वस्त आयातीने तो सावरायला मदत नक्कीच केली नाही.

मग एफआरपी कशासाठी आहे?

उसाला कायद्याचं संरक्षण आहे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी आहे आणि ती १४ दिवसांत द्यायची असते. बाहेरच्या साखरेवर १०० टक्के आयात शुल्क असल्याने ब्राझीलची साखर थेट आपल्या दुकानात येत नाही.

पण जागतिक भाव पडले की निर्यात परवडत नाही, साखर गोदामात अडकते आणि कारखान्याकडे रोकड उरत नाही. २०१५ मध्ये देशभरातली उसाची थकबाकी २० हजार कोटींच्या पुढे गेली होती, ती अशाच काळात. उसाचा किमान दर कायदा ठरवतो, पण तो हातात कधी पडणार आणि त्यावर जास्तीचं काही मिळणार का, हे बाजार ठरवतो.

सोयाबीनला तर तेवढंही संरक्षण नाही. हमीभाव जाहीर होतो, पण सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागला नाही तर व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो.

त्यामुळे पुढच्या हंगामात पहिल्या उचलीची चर्चा सुरू झाली की मोबाईलवर एक आकडा बघायला हरकत नाही, डॉलरला किती रियाल? तो सहाच्या दिशेने चालला असेल, तर कारखान्याने नुसता दर किती जाहीर केला हे विचारून भागणार नाही. बिल कोणत्या तारखेला जमा होणार, हेही तेव्हाच विचारून घ्यावं लागेल.