शोकाकुल घरासाठी ऑनलाइन निधी : शंका आणि सहभाग

घरात मृत्यू झाला की त्या घरची चूल पेटत नाही, शेजारच्या घरातून जेवण जाते, हा रिवाज वसई-विरारमध्ये अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. अलीकडे मात्र अंत्यविधी उरकण्यापूर्वीच मोबाईलवर एक आवाहन येऊन पोहोचते. मृत व्यक्तीचा हसरा फोटो, मागे राहिलेल्या मुलांची वये आणि खाली बँक खात्याचा क्रमांक किंवा क्यूआर कोड. ते वाचून कुणी तत्काळ पैसे पाठवितो, तर कुणी म्हणतो, 'घर तर पक्के आहे, मग मागतात कशाला?' या दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिक असू शकतात. तथापि दोहोंत एकेक उणीव आहे आणि तिची किंमत शोकाकुल कुटुंबालाच मोजावी लागते.

शंका घेणे हा अपराध नव्हे. दुसऱ्याच्या दुःखाचा फोटो उचलून खाते मात्र स्वतःचे देणारे भामटे समाजात आहेत. खरे आवाहनदेखील गरज भागल्यानंतर कित्येक महिने फिरत राहते. मिलाप, केट्टो यांसारखी निधी-संकलनाची संकेतस्थळे निदान कागदपत्रे मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरील क्यूआर कोडवर तेवढाही पहारा नसतो. म्हणून खाते कोणाचे, कुटुंबाला ओळखणारे कोण, हे विचारलेच पाहिजे.

परंतु खात्याची चौकशी सोडून शंका जेव्हा दुःखितांच्या राहणीमानाची चौकशी करू लागते, तेव्हा ती वाट चुकते. परदेशातील मृत्यूंच्या बाबतीत हे विशेषत्वाने दिसते. अमेरिकेत एखादा भारतीय अभियंता अकाली गेला आणि मित्रांनी 'गोफंडमी'वर निधी उभारावयास घेतला की 'डॉलर कमावणाऱ्यांना मदत कशाला?' असा सूर उमटतो. वस्तुस्थिती निराळी आहे. एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या व्यक्तीच्या जोडीदाराचा एच-४ व्हिसा त्या नोकरीवरच अवलंबून असतो. पती गेला की पत्नीचा तेथे राहण्याचा आधारही जातो. अशा अनेक स्त्रियांना नोकरी करण्याची मुभा नसते. पगार थांबतो, घरभाडे थांबत नाही आणि पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च समोर उभा राहतो. कालपर्यंत सुस्थितीत असलेले घर आज खरोखरच निराधार असू शकते. आपल्या वसईतील ज्या घरांतील मुले आखातात, जहाजांवर वा अन्य देशांत आहेत, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की भारतीय दूतावासांकडे २००९ पासून 'भारतीय समुदाय कल्याण निधी' आहे. गरजू कुटुंबाला पार्थिव आणण्यासाठी त्यातून साहाय्य मिळू शकते.

आता औदार्याची उणीव पाहू. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीत गटारात उतरलेला एक सफाई कामगार दोर तुटून मृत्यू पावला. अंत्यविधीलाही घरात पैसे नव्हते. पित्याच्या मृतदेहाजवळ रडणाऱ्या मुलाचे एका पत्रकाराने टिपलेले छायाचित्र सर्वत्र पसरले आणि काही दिवसांतच केट्टोवर ५० लाख रुपयांहून अधिक निधी जमला. हे औदार्य कौतुकास्पदच होते. मात्र एप्रिल २०२४ मध्ये आपल्याच विरारमधील ग्लोबल सिटी परिसरात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची सफाई करताना चार कामगारांचा जीव गेला. त्या चौघांच्या मागे कोण राहिले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मृत्यू सारखाच, शोकही सारखाच. फरक छायाचित्राचा होता. ज्यांचे दुःख कॅमेऱ्यापुढे येते आणि ज्यांचे मित्र इंग्रजीत आवाहन लिहू शकतात, त्यांच्याकडे ओघ वाहतो. उरलेल्यांची नावेही आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत.

यावर उपाय नाही असे नाही. निमलष्करी दलांतील हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'भारत के वीर' हे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा प्रत्येक कुटुंबासाठी १५ लाख रुपयांची मर्यादा ठेवली. त्यापुढील रक्कम अन्य कुटुंबाकडे वा सामायिक निधीकडे वळविण्याची सोय केली. करुणा कायम राखून न्याय साधण्याची ही रीत आहे. हक्काचेही तसेच. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. असा हक्क मिळवून देण्यासाठी अर्ज लिहिणारा, कचेरीत सोबत जाणारा माणूस लागतो. ते काम क्यूआर कोड करू शकत नाही.

फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये मित्रांसह संत विन्सेंट डी पॉल संस्थेचा पाया घातला, तेव्हा गरिबाच्या घरी स्वतः जाऊन भेटणे हाच तिचा मूळ नियम होता. आपल्या धर्मग्रामांत आजही हे शक्य आहे. आवाहन आले की शेजारच्या दोन जबाबदार व्यक्तींनी त्या घरी जावे, खात्याची खात्री करावी, गरज किती हे विचारावे आणि ती भागताच आवाहन थांबवावे. हिशेब ठेवण्याचा भार शोकमग्न विधवेवर न टाकता तो याच मंडळींनी उचलावा. दात्याची नावे मात्र जाहीर करू नयेत; उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, ही शिकवण मोबाईलच्या युगातही लागू आहे.

आणि परत येताना त्यांनी त्याच गल्लीतील आणखी एका दारावर थाप मारावी. तेथेही गेल्या वर्षी कोणी गेले असेल, आणि त्या घराने कोणाकडेच काही मागितले नसेल.