अनोळखी माणसाचे खाते

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात, खामगाव-चिखली मार्गावर उंद्री हे गाव आहे. रस्त्यावरच्या गावाचा एक स्वभाव असतो. तेथे रोज अनोळखी माणूस येतो. कोणाची एसटी चुकलेली असते, कोणाला आतल्या खेड्याची वाट विचारायची असते, कोणाच्या कडेवरच्या लेकराला तहान लागलेली असते. असा माणूस प्रथम वळतो तो दुकानाकडे, कारण दुकान उघडे असते आणि तेथे कोणीतरी बसलेले असते. म्हणून अशा गावातल्या दुकानदाराला दिवसातून अनेक वेळा एक लहानसा निर्णय करावा लागतो. समोरचा माणूस गिऱ्हाईक नाही, नात्यातला नाही, पुन्हा दिसेल याची खात्री नाही. हातातले काम थांबवून, मान वर करून त्याच्याकडे पाहायचे की नाही?

व्यापाऱ्याच्या वहीत या माणसासाठी जागा नसते. कीर्दीत दिवसाचा जमाखर्च उतरतो, खतावणीत ज्याचे त्याचे खाते उघडते. परंतु तांब्याभर पाणी, ओट्यावर घटकाभर सावली, 'बसा, गाडी येईल इतक्यात' हा धीराचा शब्द, हे कोणाच्या नावे टाकायचे? ज्याला दिले त्याचे नावच ठाऊक नाही. ज्याने दिले तो संध्याकाळपर्यंत ते विसरूनही जातो, आणि त्याने विसरावे हेच योग्य. मग या व्यवहाराची नोंद ठेवायची कोणी?

पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका जैन व्यापाऱ्याने अशी नोंद ठेवली. बनारसीदास हे त्यांचे नाव. इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथे, जवाहिऱ्याचा व्यवसाय करणाऱ्या श्रीमाळ घराण्यात त्यांचा जन्म झाला. वयाच्या ५५ व्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यांनी आपले आत्मवृत्त पद्यात लिहून पूर्ण केले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानले, तर ५५ वर्षे म्हणजे अर्धी वाटचाल. म्हणून ग्रंथाचे नाव 'अर्धकथानक'. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून अभ्यासक आज त्याचा गौरव करतात. 'समयसार नाटक' या ग्रंथामुळे बनारसीदासांचे नाव अनेक स्वाध्यायी घरांत परिचित आहे. 'अर्धकथानका'तला तोट्यात गेलेला तरुण व्यापारी मात्र फारसा कोणाच्या ओळखीचा नसतो.

हा तरुण लेखक कसा झाला, त्याचीही हकीकत त्यांनी सांगितली आहे. किशोरवयात त्यांनी शृंगाराने भरलेली हजारभर दोहे-चौपायांची पोथी रचली होती. पुढे एके दिवशी गोमती नदीच्या पुलावर मित्रांना ती वाचून दाखवीत असता त्यांच्या मनात आले, एक असत्य बोलणाऱ्यालाही त्याचे फळ भोगावे लागते. येथे तर आपण असत्याची रास घातली आहे. त्यांनी ती पोथी नदीत सोडून दिली. मित्र हळहळले, पाने वाहून गेली. बनारसीदासांचे खरे लेखन या विसर्जनानंतरचे आहे.

त्यानंतर काही वर्षांनी वडिलांनी माल सोपवून त्यांना व्यापारासाठी आग्र्यास पाठविले. वाटेत इटाव्याजवळ मुसळधार पाऊस आला. सराई भरलेली होती. अंधारात, चिखलात ते आणि त्यांचे सोबती दारोदार फिरले; कोणी आत घेईना. एका स्त्रीला दया आली, परंतु तिचा नवरा बांबू उगारून धावला. शेवटी पहारेकऱ्यांच्या झोपडीत आसरा मिळाला, पेंढ्यावर अंग टाकता आले. इतक्यात आणखी एक जण आला आणि ही आपली जागा आहे, निघा, म्हणून दरडावू लागला. ते निमूटपणे उठून पावसात निघाले, तेव्हा त्या माणसाचे मन द्रवले. त्याने त्यांना परत बोलावले, अंथरायला तरट दिले, स्वतः खाटेवर निजला आणि त्यांना खाटेखाली निजू दिले.

ही दया काही थोर म्हणावी अशी नाही. दया करणारा खाटेवर आहे आणि ज्याच्यावर दया झाली तो खाटेखाली. तरीही त्या रात्री कोरडी जागा मिळाली ती त्याच माणसामुळे. बनारसीदासांनी हा प्रसंग कडवटपणा न ठेवता आणि उगाच उजळ न करता, जसा घडला तसा लिहिला. चोख हिशेब ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाची ही नोंद आहे. मिळाले तेवढे जमा. कमी नाही, जास्त नाही.

आग्र्यात त्यांना अपयश आले. काही जवाहीर हरवले, माल तोट्यात गेला, जवळचे पैसे संपले. बाजारात तोंड दाखवण्याची लाज वाटू लागली. दिवसा ते घरात बसत आणि रात्री दहा-वीस माणसांपुढे 'मधुमालती' आणि 'मृगावती' ही प्रेमाख्याने वाचून दाखवीत. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून बनारसीदास रोज कचोऱ्या उधारीवर घेत आणि त्यावरच दिवस काढीत. अखेर एके दिवशी त्यांनी त्याला बाजूला घेऊन खरे ते सांगितले, माझ्याजवळ काही नाही, यापुढे मला उधार देऊ नका. त्यावर कचोरीवाल्याने त्यांना निश्चिंत केले: वीस रुपयांपर्यंत खा, कोणी तुम्हाला काही विचारणार नाही.

व्यापारी वाचकाला या प्रसंगाचे मोल अधिक कळेल. बुडीत निघालेल्या परगावच्या माणसाला, त्याने स्वतः आपली स्थिती उघड केल्यावर, उधारीची मर्यादा कमी न करता वाढवून देणे हे कोणत्या हिशेबात बसते? रुपया तेव्हा चांदीचा होता आणि कचोरीवाल्याचे भांडवल ते किती असणार! पण तो रोज रात्री कथा ऐकायला येत होता. वाचणाऱ्याला एक मन लावून ऐकणारा मिळाला होता, आणि ऐकणाऱ्याने वाचणाऱ्याला उपाशी राहू दिले नाही. पुढे बनारसीदासांनी हिशेब करून चौदा रुपये चुकते केले. कचोऱ्यांचे देणे फिटले, विश्वासाचे राहिले. ते त्यांनी जवळजवळ तीस वर्षांनी ग्रंथात लिहून फेडले. आग्र्याच्या बाजारातील किती धनिकांची नावे पुसली गेली असतील; तो कचोरीवाला अजून आहे.

येथे दान करणारा विसरला तरी चालेल, परंतु घेणाऱ्याने विसरू नये, असा एक नियम दिसू लागतो. लेखक होण्याची सुरुवात कदाचित याच नियमाने होते. कोणी मागितलेला नाही असा हिशेब जो प्रामाणिकपणे ठेवतो, तो लेखक.

मराठीत याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईच्या गिरणगावात सापडतो. १९२६-२७ च्या सुमारास इंडिया वूलन मिलमध्ये काम करणाऱ्या गंगाराम कुशाजी सुर्वे या कामगाराला रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल आढळले. कोणाचे, कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, काहीच ठाऊक नव्हते. त्या रस्त्याने इतरही माणसे जात असतील. गंगाराम थांबले. त्यांनी मूल उचलून घरी नेले. त्यांच्या पत्नी काशीबाई, त्याही गिरणी कामगार, त्याची आई झाल्या. पुढे त्याला शाळेत घातले. मराठी माणसाच्या नावात मधली जागा वडिलांची असते. ज्या मुलाची ती जागा कायमची रिकामी राहायची, त्याचे नाव लिहिले गेले: नारायण गंगाराम सुर्वे.

ही कथा येथेच संपली असती तर सुबोध बोधकथा झाली असती. परंतु १९३६ मध्ये गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि कोकणातील आपल्या गावी निघून गेले. जाताना त्यांनी दहा वर्षांच्या नारायणाच्या हातावर दहा रुपये ठेवले. मुलगा दुसऱ्यांदा रस्त्यावर आला. त्याने घरगडी म्हणून कामे केली, हॉटेलात कपबश्या विसळल्या, गिरणीत राबला, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला. जेमतेम चौथीपर्यंत शिकलेल्या या माणसाने १९५७ मध्ये सातवीची परीक्षा दिली आणि नंतर तो शिक्षक झाला. १९६२ मध्ये त्याचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, १९६६ मध्ये 'माझे विद्यापीठ'. १९९५ मध्ये परभणी येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारायण सुर्वे यांनी भूषविले. १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गंगारामांची दया अपुरी होती, असे कोणी म्हणेल. ते असत्यही नाही. दहा वर्षांच्या मुलाला मुंबईत सोडून जाणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु निवृत्त गिरणी कामगाराच्या हातात तेव्हा काय असणार, याचाही विचार करावा लागतो. महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्याला या अपुरेपणाचा सर्वांत अधिक त्रास झाला, त्याने ते नाव टाकले नाही. 'सुर्वे' हे रस्त्यावर मिळालेले आडनाव त्याने प्रत्येक पुस्तकावर लावले आणि आयुष्यभर मिरवले. जे मिळाले नाही त्याची तक्रार करण्यास त्याला पुरेसे कारण होते. त्याने जे मिळाले ते जमेला धरले. पुढे त्याच्या कवितेत गिरणी कामगार, हमाल, रस्त्यावरची उपेक्षित स्त्री अशी माणसे सन्मानाने आली. ज्याच्यापाशी कोणीतरी एकदा थांबले होते, तो पुढे इतरांपाशी थांबत राहिला.

श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभागाचे आहे. त्याचा मुख्य रोख साधुसंतांच्या आहारदानाकडे आहे आणि तेथे पात्राचा विचार सांगितला आहे. अनुकंपेच्या ठिकाणी मात्र तो विचार नाही. समोर दुःख दिसले एवढीच तिची अट. रस्त्यावरच्या मुलाचे कूळ न विचारणाऱ्या गंगारामांनी हा शब्द ऐकला असो वा नसो, त्याचा अर्थ त्यांनी आचरला होता.

आता पुन्हा उंद्रीच्या रस्त्याकडे यावे. या भागातील जैन घराण्यांपैकी काही वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली आहेत, तर काहींचे पूर्वज मारवाड किंवा गुजरातेतून व्यापारासाठी आलेले आहेत. खामगाव ही कापसाची मोठी पेठ होती. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा रेल्वेफाटा सुरू झाल्यावर तिची भरभराट झाली. अशा पेठांच्या आसपास खेडोपाडी दुकाने मांडणारा पहिला पुरुष त्या गावात अनोळखीच असला पाहिजे. भाषा वेगळी, खाणे वेगळे, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम वेगळा. त्याला पहिल्या रात्री ओसरी कोणी दिली? पहिले पोते कोणी विश्वासाने घातले? घरातले माणूस आजारी पडले तेव्हा रात्री बैलगाडी कोणी जुंपली? बहुतेक घराण्यांत याचे उत्तर आज कोणाला सांगता येत नाही. जुन्या वह्यांत कोणाकडे किती येणे होते ते सापडते. कोणाचे काय देणे होते, ज्याला आकडा नव्हता, ते सापडत नाही. ज्या आजी-आजोबांना ते ऐकून ठाऊक होते, ती पिढी घराघरांतून उठून चालली आहे. हा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही, म्हणूनच तो मोठा आहे.

याच चिखली तालुक्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांनी शेतकऱ्याच्या घराची होरपळ 'बारोमास' या कादंबरीत मांडली. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिचा नायक एकनाथ हा शिकलेला, नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा. असे कितीतरी एकनाथ बी-बियाण्यांसाठी, किराण्यासाठी दुकानाच्या पायरीवर उभे राहून गेले असतील. दुकानाच्या आत बसणाऱ्याला त्यांचे खाते ठाऊक असते, त्यांची गोष्ट क्वचितच. थोडे थांबून विचारले, तर खात्यामागचा माणूस दिसतो. दया आणि लेखन या दोन्ही गोष्टी तेथेच, त्या थांबण्यात, सुरू होतात.

प्रत्येकाने ग्रंथकार व्हावे असे नाही. पण व्यापारी घरात वही आहे, लेखणी आहे, आणि खरे तेच लिहिण्याची पिढीजात सवय आहे. येत्या दिवाळीत वहीपूजन होईल तेव्हा एक वेगळी वही ठेवता येईल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तिच्यात लिहावे की, अमुक साली, अमुक गावी, अडचणीच्या वेळी ज्याने आधार दिला तो असा होता. नाव ठाऊक असेल तर नाव. नसेल तर कचोरीवाला, पहारेकरी, गाडीवान, एवढेही पुरेसे आहे. अपुरी मदत असेल तर अपुरी म्हणून लिहावी, पण लिहावी. आणि ती वही नातवंडांच्या हाती पडेल तेव्हा दुकानाच्या पायरीशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे ती मुले कदाचित मान वर करून पाहतील.