शरदातील वारा आणि लहान होडी

भाद्रपद सरून आश्विन लागला की आकाश निवळते, नद्यांचे गढूळ पाणी स्वच्छ होऊ लागते आणि पावसाळाभर काठावर पालथ्या घातलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. एक-दोन माणसांनी वल्हवावयाच्या होडीतून मासेमारी करणाऱ्यांचा हा हक्काचा काळ होय. तथापि शरदाची शांतता सर्व ठिकाणी व सर्व प्रहरी सारखी नसते. मासेमारीचा हंगाम तारखेने ठरविला जात असला, तरी लहान होडीची सुरक्षितता तासावर आणि जागेवर अवलंबून असते. म्हणून हवामानाचा इशाराही तास व जागा यांच्याच मापाने दिला गेला पाहिजे, असे आमचे मत आहे. हे कोकण किनाऱ्याइतकेच जबलपूरजवळच्या नर्मदेच्या जलाशयालाही लागू आहे. किंबहुना तेथे त्याची निकड अधिक आहे. ती का, हे समजण्यासाठी प्रथम, जेथे हे ज्ञान जुने आहे त्या समुद्राकडे वळणे इष्ट ठरेल.

लहान होडीच्या मर्यादा

आर्क्टिक प्रदेशातील इनुइट लोकांची कयाक नावाची होडी वरूनही कातड्याने झाकलेली असते. त्यामुळे लाट अंगावर आली तरी पाणी आत शिरत नाही. आपल्याकडील होडी उघडी असते. कोकणात तिला तोल राहावा म्हणून बाजूस उलांडी जोडतात. परंतु काठावरून आत येणारे पाणी उलांडीने थांबत नाही. शिवाय सारी गती माणसाच्या बाहुबळावर असते. वल्हवणारा माणूस तासाला पाचएक किलोमीटर जाऊ शकतो, आणि तेही वारा विरुद्ध नसेल तर. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी १० किलोमीटरचा वारा २० किलोमीटरचा झाला, तर त्याचा जोर दुप्पट न होता चौपट होतो. मोठ्या यांत्रिक नौकेला जो फरक जाणवतही नाही, तो लहान होडीच्या बाबतीत परत येणे आणि न येणे यांतील फरक ठरू शकतो.

खारे वारे आणि मतलई वारे

दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते व समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. रात्री जमीन लवकर निवते व मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. पावसाळ्यात ढगांचे आच्छादन व नैर्ऋत्येचा जोरदार वारा यांमुळे हे चक्र झाकले जाते. शरदात आकाश निरभ्र झाले की ते पुन्हा स्पष्ट होते. पहाटेच्या मतलईवर बाहेर पडावे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतावे, हा शिडाच्या काळातील क्रम याच नियमावर उभा होता.

याच काळात किनाऱ्याजवळ मासळीही येते. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावर खोल समुद्रातील थंड व पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर सरकते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्या आधाराने तारली-बांगड्यांचे थवे पोसले जातात. त्याच पाण्यात खालच्या थरांत प्राणवायूचा तुटवडा असतो, आणि तो सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वाधिक तीव्र होतो, असे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. समुद्राची ही समृद्धी आणि हे दैन्य दोन्ही शरदातच दिसतात. अमुक खोलीवर मासळी का नाही, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्यात सापडते.

परंतु मतलई वाऱ्यात एक फसगत आहे. तो जमिनीकडून येत असल्याने किनाऱ्यालगत त्याला लाटा उठविण्यास अंतरच मिळत नाही. पाणी आरशासारखे दिसते. होडी जसजशी बाहेर जाते, तसतसे वाऱ्याचे पाण्यावरील अंतर वाढते आणि लाटाही वाढतात. त्या वेळी परतावयाचे म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर वल्हवावयाचे. एखाद्या दिवशी वारा नेहमीपेक्षा जोराचा असला किंवा उशिरापर्यंत टिकला, तर किनारा डोळ्यांसमोर असूनही हाती येत नाही.

निरभ्र आकाशाखालील धोका

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. यंत्र नसलेल्या पारंपरिक नौका तीतून वगळलेल्या असतात. बंदी उठली म्हणजे समुद्र सुरक्षित झाला, अशी समजूत सहज होते. वस्तुतः अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन काळ आहेत: एक पावसाळ्याच्या आरंभीचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर हा. ‘फयान’ हे चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, आणि कोकणातील अनेक मच्छीमारांवर त्याने संकट आणले. २०१९ च्या ऑक्टोबरात ऐन दिवाळीत ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ झाले. ते आपल्या किनाऱ्यास न लागता ओमानच्या दिशेने गेले. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याने उंच लाटा व अवेळी पाऊस अनुभवला.

वादळ दूर असले तरी त्याने उठविलेल्या लांब लाटा शेकडो किलोमीटर चालून येतात. भर समुद्रात त्या केवळ संथ चढ-उतार म्हणून जाणवतात. खाडीच्या मुखाशी, जेथे वाळूचा उथळ दांडा असतो, तेथे मात्र त्या फुटतात. त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल, तर बाहेर जाणारा प्रवाह लाटेला अडवतो, ती अधिक उभी होते आणि लहान होडी उलटविते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास उधाण असते. तेव्हा हा प्रवाह अधिकच वेगवान होतो. म्हणून वर स्वच्छ चांदणे असताना खाडीचे तोंड सर्वाधिक धोक्याचे असू शकते.

बरगीचा जलाशय

आता नर्मदेकडे येऊ. जबलपूरजवळ बांधलेले बरगी धरण १९९० साली पूर्ण झाले. त्याचा जलाशय सुमारे ७५ किलोमीटर लांब व जास्तीत जास्त साडेचार किलोमीटर रुंद आहे. जबलपूर, मंडला व सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावे त्यामुळे बाधित झाली. जमीन गेलेल्या अनेक कुटुंबांनी मासेमारीचा आधार घेतला, आणि १९९० नंतरच्या दशकात विस्थापितांच्या मच्छीमार सहकारी संस्थाही उभ्या राहिल्या.

मध्य प्रदेशात मासेमारी १६ जून ते १५ ऑगस्ट बंद असते. त्यानंतर हंगाम सुरू होतो, तेव्हा जलाशय भरत असतो. शरदात तो काठोकाठ होतो. इतक्या रुंद पाण्यावर, विशेषतः दरीच्या लांबीने वारा वाहू लागला, तर उघड्या होडीला पुरे पडतील इतक्या लाटा थोड्या वेळात उठतात. ऋतू पुढे सरकला की पहाटे धुके दाटते व काठ दिसेनासा होतो. पाण्याची पातळी उतरू लागली की बुडालेले अडथळे पृष्ठभागाच्या जवळ येतात. बंगालच्या उपसागरातील वादळांचे अवशेषही ऑक्टोबरात मध्य भारतापर्यंत पोहोचू शकतात.

कोकणच्या कोळ्याला वाऱ्यांची नावे वाडवडिलांकडून मिळाली आहेत. बरगीचे पाणी मात्र अवघ्या एका पिढीचे आहे. त्यावर होडी लोटणाऱ्यांत अनेकांचे आजोबा नांगर धरणारे होते. नदी ओळखणारे नावाडी नर्मदाकाठी पूर्वापार आहेत हे खरे. परंतु वाहत्या नदीचे ज्ञान विस्तीर्ण साठलेल्या पाण्याला पुरत नाही. जेथे परंपरेने अनुभव दिलेला नाही, तेथे तो पुरविणे हे विज्ञानाचे कर्तव्य ठरते.

काय करावयास हवे

हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ पासून समुद्राच्या स्थितीविषयी माहिती देते. २०२० साली त्याने लहान नौकांसाठी स्वतंत्र सल्लासेवा सुरू केली. लाटेची उंची, तिचा उभेपणा आणि वाऱ्याची अचानक वाढ यांवरून नौका उलटण्याचा धोका तीत वर्तविला जातो. ही दिशा योग्य आहे. बरगीसारख्या मोठ्या जलाशयांनाही अशीच सेवा मिळावी, असे आम्हांस वाटते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, इशारे दिले तरी ते पाळतो कोण? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. ‘आज पाण्यात उतरू नये’ असा सबंध दिवसाचा व सबंध जिल्ह्याचा इशारा लहान मच्छीमाराला सर्वांत महाग पडतो, कारण न गेलेला दिवस म्हणजे न पेटलेली चूल. असा इशारा दोनदा अनाठायी ठरला की तिसऱ्यांदा तो कोणी ऐकत नाही. याउलट, ‘सकाळी दहापर्यंत पाणी शांत, त्यानंतर दरीतून जोराचा वारा’ असे सांगितले, तर मच्छीमार आपली कमाईही राखू शकतो व जीवही. अचूक इशारा हा निर्बंध नव्हे, ती मदत होय.

याचा आरंभ अल्प खर्चात होऊ शकतो. जलाशयाच्या काठी दोन-चार ठिकाणी वायुवेगमापक व तापमापक बसवावेत. काठच्या गावांतील शाळांनी रोज ठरावीक वेळी वाऱ्याची दिशा, धुके व पाण्याची पातळी यांची नोंद ठेवावी आणि गावच्या ग्रंथालयाने ती फलकावर लावावी. त्याशेजारी वृद्ध नावाड्यांनी सांगितलेल्या खुणाही लिहाव्यात, म्हणजे त्या नोंदींशी ताडून पाहता येतील. काही वर्षांत त्या पाण्याचे स्वतःचे पंचांग तयार होईल, आणि तेथील वाऱ्यांनाही तेथल्या लोकांनी दिलेली नावे मिळतील.