हलका हात, पण शिकलेला

गोंदिया जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत तान्ह्या बाळाला तेल लावणारी आणि म्हाताऱ्याची कंबर चोळणारी बाई एकच असते. कोणी तिला दाई म्हणतं, कोणी नुसतं मावशी. दारावर पाटी नसते, तरी आरोग्य केंद्राची पायरी चढण्याआधी लोक तिच्या अंगणात जातात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मी उपकेंद्रावर एएनएम होते. निवृत्तीनंतरही लोक मला ‘सिस्टर’च म्हणतात आणि रस्त्यात थांबवून विचारतात, “सिस्टर, लेकरू लय रडते जी, कोणाकडं नेऊ?” किंवा “पाठ धरली जी, चांगला हात कोणाचा आहे?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. अंगाला कोणीतरी जाणतेपणाने, हलक्या हाताने हात लावावा ही माणसाची खरी गरज आहे आणि ती आरोग्यसेवेची बाब आहे. आपल्या व्यवस्थेने मात्र गोळी, इंजेक्शन आणि सलाईनला जागा दिली, हाताला दिली नाही. म्हणून लोक वाट्टेल त्या हातात अंग देतात. हे बदलायला हवं.

आधी तान्ह्या बाळाचं पाहू. बाळाला तेल लावून चोळण्याची आपली रीत टाकाऊ नाही. फ्रान्सचे प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबोयर यांनी कोलकात्याजवळच्या वस्तीत एका आईला बाळाला मालिश करताना पाहिलं. शांतला तिचं नाव. १९७६ साली त्यांनी याच नावाचं पुस्तक काढलं आणि युरोपातल्या आया ही मालिश शिकू लागल्या. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खोबरेल तेलाने मालिश केलेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन मिनरल ऑईल किंवा पावडर लावलेल्या बाळांपेक्षा वेगाने वाढलेलं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट सांगतात की, पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला सर्वांगावर हलकी मालिश करता येईल, वाढ आणि विकासाला तिचा फायदा होऊ शकतो. त्या सूचनांतला ‘हलकी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

कारण आपल्याकडे सगळा घोटाळा तिथेच होतो. बाळ जितकं चोळावं तितकं घट्ट होतं, अशी समजूत घराघरात आहे. मी पाहिलेल्या मालिशीत बाळाचे हातपाय छातीवर फुली मारून ताणले जातात, पाय धरून बाळाला उलटं टांगतात, डोकं गोल व्हावं म्हणून टाळू आणि कपाळ दाबतात, नाक सरळ व्हावं म्हणून चिमटीत धरून ओढतात. नाकाकानात तेलाचे थेंब सोडतात. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची छाती थोडी सुजलेली असते, ती आपोआप उतरते. पण ‘दूध काढलं पाहिजे’ म्हणून ती पिळतात आणि मग तिथे पू होतो. बाळाच्या हाडांचा काही भाग अजून मऊ कुर्चेचा असतो, मान सावरण्याची ताकद यायला तीन-चार महिने लागतात. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. आणि पोट फुगलं म्हणून तापलेल्या विळ्याने तान्ह्याच्या पोटावर डागण्याचे प्रकार मेळघाटात आजही उघडकीस येतात. उपचाराच्या नावाखाली केलेली ती इजा आहे, तिला परंपरा म्हणून पाठीशी घालता येणार नाही.

हलका हात कसा असतो, हे शिकवता येतं. मी दायांना शिकवायचे तेव्हा सांगत असे, मालिश दूध पाजल्यावर लगेच नको, मध्ये तासभर जाऊ द्या. खोलीत वारा नको आणि धूरही नको. बाजेखालच्या शेगडीचा धूर आईला आणि बाळाला दोघांनाही बाधतो. हात धुवा, बांगड्या-अंगठ्या काढा, नखं कापा. तेल हातावर चोळून कोमट करा. खोबरेल चांगलं. मोहरीचं तेल टाळा, कोवळ्या कातडीला ते झोंबू शकतं. दाब इतकाच की कातडी हलेल, लाल होणार नाही. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हात फिरवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाळाचं तोंड पाहत राहा. त्याने मान फिरवली, हातपाय ताठ केले, ओठ काढले तर थांबा. संथ, हळू स्पर्शाला प्रतिसाद देणारे खास मज्जातंतू माणसाच्या कातडीत असतात आणि सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर इतक्या संथ गतीने फिरणाऱ्या हाताला ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात, हे विज्ञानाने आता दाखवलं आहे. मळणीच्या घाईने चोळलेल्या अंगाला हे सुख मिळत नाही.

कमी वजनाच्या बाळाला तर मालिशीआधी आईची छाती हवी. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एद्गार रे यांनी इन्क्युबेटर पुरेनात म्हणून बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. यालाच आज कांगारू मातृसेवा म्हणतात. भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू त्यात २५ टक्क्यांनी कमी आढळले. याला यंत्र लागत नाही, साडीचा पदर पुरतो. गोंदियाहून बाळंत होऊन आलेल्या मुलींना मी हे शिकवत असे, तेव्हा सासवा आधी नाकं मुरडायच्या आणि आठवड्याने स्वतःच बाळाला छातीशी घेऊन बसायच्या.

मात्र हलका हातही प्रत्येक दुखण्यावर चालत नाही आणि कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तोच शिकलेला हात. आपला पूर्व विदर्भ सिकलसेलचा पट्टा आहे. सहा महिन्यांनंतर बाळाच्या हातापायाची बोटं सुजून दुखू लागली, तर ती सिकलसेलची पहिली खूण असू शकते. एका आईने अशी सुजलेली बोटं ‘मुरगळली’ म्हणून कितीतरी दिवस चोळून घेतली होती. बाळ रडून रडून अर्धं झालं होतं. रक्त तपासलं तेव्हा खरं कारण कळलं. देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली, तपासणी गावापर्यंत आली आहे. मालिशवालीला ही एक खूण माहीत असेल तर एक लेकरू वेळेत दवाखान्यात पोचेल. सिकलसेलच्या माणसाला दुखताना ऊब आणि हलका स्पर्श सुखावतो, पण बर्फ लावायचा नाही, हेही तिने शिकलेलं असावं.

वाकडे पाय घेऊन जन्मलेल्या बाळाचंही तसंच. आपल्याकडे ‘चोळून सरळ होईल’ म्हणत वर्ष घालवतात. खरं तर जगात हातानेच होणारा एक अतिशय यशस्वी बालउपचार याच वाकड्या पायांवरचा आहे. अमेरिकेतल्या आयोवा इथे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी तो १९४० च्या दशकाच्या अखेरीस बसवला. दर आठवड्याला डॉक्टर हाताने पाऊल हळुवार वळवतात, तेवढ्या जागी प्लास्टर घालतात, पुढच्या आठवड्यात आणखी थोडं वळवतात. पाच-सात प्लास्टर, बहुतेकदा टाचेजवळची शीर सैल करण्याची छोटी शस्त्रक्रिया आणि नंतर चार वर्षांपर्यंत झोपताना विशेष बूट. पाय सरळ होतो, मूल पळतं. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात झाली तर उत्तम. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाकड्या पायांचा समावेश आहे, उपचारासाठी घरदार विकायची गरज नाही.

आता मोठ्यांकडे वळते. आपला जिल्हा धानाचा. जुलै-ऑगस्टात बाया पऱ्ह्यांच्या पेंड्या घेऊन दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून रोवणी करतात. पुरुष खरेदी केंद्रावर आणि राईस मिलमध्ये धानाचे कट्टे पाठीवर वाहतात. तिरोडा-गोंदिया भागात बायांच्या कित्येक पिढ्या मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून बिड्या वळत आल्या. माझी आई त्यातलीच. तिची मान आणि खांदे संध्याकाळी दगडासारखे होत आणि आम्ही मुली तिची पाठ चोळून देत असू. अशा कष्टाच्या अंगाला चोळून घेणं ही चैन मानणं अन्याय आहे.

जगभरात २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम आणि मालिशीसारखे हाताचे उपचार यांना त्यांत स्थान आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताणणं यांची सरसकट शिफारस त्यांनी नाकारली. आपल्याकडे मात्र पट्टा हमखास विकला जातो आणि व्यायाम कोणी शिकवत नाही. दुसरीकडे पायाळू माणसाकडून पाठीवर पाय लावून घेतला जातो, मान कडकन मोडून घेतली जाते. साधी लचक काही दिवसांत स्वतःच उतरते, तिचं श्रेय त्या पायाला मिळतं. पण पाठीच्या मणक्याचा क्षयरोग असेल आणि त्यावर कोणी पाय दिला, तर माणूस आयुष्यभर अंथरुणाला खिळू शकतो. ताप, घटणारं वजन, रात्रीचं दुखणं, पायातली ताकद जाणं, मांड्यांमधली जागा बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही असेल तर चोळायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पैसेवाल्या शहरांत आता वेगळी चलती आहे. कवटीच्या हाडांची सूक्ष्म लय हाताने ओळखून ती नीट करण्याचा दावा करणारी क्रेनिओसॅक्रल पद्धत तान्ह्या बाळांच्या रडण्यापासून मोठ्यांच्या डोकेदुखीपर्यंत सगळ्यासाठी सुचवली जाते. १९३० च्या दशकात अमेरिकेत सदरलँड यांनी या विचाराची सुरुवात केली आणि १९७० च्या दशकात अपलेजर यांनी तिला आजचं रूप दिलं. स्पर्श अतिशय हलका असल्याने माणसाला बरं वाटतं, झोप लागते, हे मी नाकारत नाही. पण दोन उपचारकांनी एकाच माणसाची ती लय मोजली तर आकडे जुळत नाहीत आणि आजार बरा होतो याचा भक्कम पुरावा नाही. निरोगी बाळाचं संध्याकाळचं रडणं तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं. त्यासाठी महागडी सत्रं घेणाऱ्या आईला मी सांगेन, तेच पैसे स्वतःच्या खाण्यावर आणि विश्रांतीवर खर्च कर, बाळाला तू स्वतः हात लाव.

मग आपल्या जिल्ह्याने काय करावं? उत्तर शेजारच्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या साध्या, कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापलं. त्यातूनच २०११ पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. याच भेटींत मालिशवालीला सोबत बसवा. तिला हाकलू नका, तिच्यावर हसू नका. काय करायचं, काय कधीच करायचं नाही आणि कोणत्या खुणेला लेकरू पुढे पाठवायचं, हे तिला करून दाखवा. शिकलेल्या मावशीला ओळखपत्र द्या आणि मानधनही द्या.

दुसरी मागणी भौतिकोपचाराची. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाबरोबर त्याखालच्या रुग्णालयांतही पुनर्वसन सेवेचा विचार आहे. तो कागदावर राहू नये. अर्जुनी मोरगाव, देवरी, सालेकसा इथल्या म्हातारीने गुडघ्याचे व्यायाम शिकण्यासाठी गाडी धरून गोंदिया गाठावं, दिवसाची मजुरी बुडवावी, हे बरोबर नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचा एक ठरलेला दिवस फिजिओथेरपिस्टचा असावा आणि तो दिवस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला असावा. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या शिकाऊ डॉक्टरांनी रोवणीच्या आणि कापणीच्या हंगामात बांधीवर यावं, बायांच्या पाठी तपासाव्यात, दोन सोपे व्यायाम शिकवावेत. त्यांचंही शिक्षण होईल.

वाचकांनो, तोवर कोणाकडेही अंग देण्याआधी चार गोष्टी विचारा. फिजिओथेरपिस्ट असेल तर राज्य परिषदेची नोंदणी आहे का? आधी आजाराची विचारपूस केली का? दुखलं की लगेच थांबतो का? आणि ‘हे माझं काम नाही, डॉक्टरकडे जा’ असं म्हणायची त्याची तयारी आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर हात कितीही नावाजलेला असो, तिथून उठा. तान्ह्या बाळाला तर स्वतःचं तोंड नाही. त्याच्यासाठी हे प्रश्न आईने, बापाने आणि आजीनेच विचारले पाहिजेत.